सहाची गाडी, सावकाश

काठ्या ठेव, म्हणाली कुसुमताई,
आणि पिशवीतून काढले तारांचे दोन झाडू.
मारायचं नाही आता. झाडायचं.

चाळीस वर्षं मी मारतच आलोय.
गणपतीत, गॅदरिंगला, कारखान्याच्या हंगामाला.
संकेश्वरात एकदा जनरेटर बसला
तरी अंधारात मारत होतो
आणि अंधारात पोरं नाचत होती.

सहाची गाडी सुटली गं
छत्री माझी तुटली गं
रिक्षात हेच, सलूनमध्ये हेच, उसाच्या ट्रॅक्टरवर हेच.
कॅसेट एवढी वाजायची की फीत दमायची
आणि ताईचा आवाज जड व्हायचा, पुरुषासारखा.
आता फीत नाही. आवाज आपणहून तिथं पोचलाय.

कॅम्पात, इनासच्या घरामागं पत्र्याची खोली.
त्याचे आजोबा मिलिटरीच्या बँडात होते,
त्यांच्या तबकड्या ऐकून ऐकून
एकाहत्तराव्या वर्षी ती म्हणते, असं म्हणू या.
सॅक्सोफोन आजोबांचाच, पितळेवर हिरवे डाग.
उभ्या बासला मिठी मारून गोकाकचा बसवप्रभू,
इंजिनिअरिंग सोडलेला, मराठी जेमतेम.
तो शब्दांकडं बघत नाही, तिच्या श्वासाकडं बघतो,
म्हणून चुकत नाही.

मला जमेना.
झाडू नुसते खरखरायचे, उंदीर शिरल्यासारखे.
तिसऱ्या दिवशी हात कसा कोण जाणे गोल फिरला
आणि निपाणी ऐकू आली:
आई, मांडीवर सूप,
तंबाखूतून फिरणारी बोटं,
हजार विड्या पुऱ्या होईतो न थांबणारा तो आवाज
ज्याच्या शेजारी मी पाढे पाठ केले, झोपलो, मोठा झालो
आणि ज्याच्यापासून पळून ड्रमवर जाऊन बसलो.
ताईनं डोळे उघडले.
हे कुठं होतं रे इतके दिवस?

गाण्यात एक जागा आहे.
धावत आले स्टँडवर मी,
कॅसेटवर असं आहे.
तिनं लिहिलं होतं, आलो.
आमच्याकडं बायका आलोच म्हणतात,
गेलो म्हणतात, दमलो, जेवलो,
हजार झाल्यावर सूप बाजूला ठेवत आई म्हणायची, सुटलो.
मुंबईच्या साहेबानं काचेपलीकडून हात वर केला:
बाई, तुम्ही बाई आहात ना?
सगळे हसले. ती हसली. मीही हसलो, मला आठवतंय.
सोळा वेळा तिच्या तोंडात आलो आलं.
सतराव्या वेळी ती आले म्हणाली
आणि तेच छापलं गेलं.

शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडल्या,
माणसं पंचेचाळीस, त्यातली निम्मी गुडघ्याला पट्टा बांधून.
मागून कुणीतरी ओरडलं,
फास्ट म्हणा की ओ ताई!
ती माइककडं वाकली.
फास्ट म्हटलो म्हणूनच गाडी चुकली की रे.

हसू खाली बसेपर्यंत इनासनं एकच सूर धरून ठेवला.
मग ती म्हणाली, जवळजवळ बोललीच,
धावत

आणि थांबली.
बास दोन पावलं चालला.
मी झाडत राहिलो, झाडत राहिलो,

आलो.

छत्रीच्या ओळीला आम्ही आजवर हसायचो,
यमक जुळवायला घेतलेली छत्री.
त्या रात्री ती मोडकी छत्री
पंचेचाळीस माणसांनी उघडून बघितली
आणि पुन्हा मिटता येईना कुणाला.

नंतर कागदी वाटीत कुंदा वाटला.
एका बाईनं विचारलं,
ताई, गाडी कुठली होती ओ? कुठं जाणारी?
एवढ्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. मी सुद्धा.

ताई चमचा चाटत राहिली.
माणूस ओळखीचा होता खिडकीत, म्हणाली,
खरं पाटीला डांबर फासलेलं.
कुठं चालली, कळ्ळंच नाही.